ढिल्या कुलपाचा इतिहास

आमच्या मोहल्ल्यात एक अभ्यासिका आहे. खाली दुकानं, वर पहिल्या मजल्यावर एक लांबलचक खोली. दहावी-बारावीची आणि स्पर्धा परीक्षेची साठेक मुलं-मुली तिथं बसतात. लोकवर्गणीतून टेबलं आली, पंखे आले आणि तीन वर्षांपूर्वी दाराला चुंबकी कुलूप आलं. कार्ड दाखवलं की बीप वाजायचं आणि दार सुटायचं. सुरुवातीला मुलांना त्याचं इतकं अप्रूप होतं की काही जण उगाच आत-बाहेर करायची.

गेल्या पावसाळ्यात हे कुलूप ढिलं पडलं. चौकटीच्या माथ्यावरचा लांबट डबा एका बाजूनं लोंबायला लागला. खांद्यानं जरा रेटलं तरी दार उघडायचं. देखरेख करणारे मामू म्हणाले, "भाईजान, दरवाजे की पट्टी हिलती थी. मैंने पाना लगा के कस दी. फिर भी पकडती नहीं." फिटर येऊन स्क्रू आवळून गेला. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. मग कमिटीनं आपल्याकडचा नेहमीचा तोडगा काढला, साखळी आणि टाळं. मामू नमाजला किंवा चहाला गेले की बाहेरून टाळं लावायचे. आत मुलं वाचत असायची. बाहेरची पोरं घुसू नयेत, कुणाचा मोबाइल जाऊ नये, एवढाच हेतू.

एका संध्याकाळी मी तिथं गेलो तर दाराला बाहेरून टाळं आणि आत दिवे चालू. काचेपलीकडून एक मुलगी हात हलवत होती. तिला घरी जायचं होतं. दहा मिनिटांनी मामू आले, टाळं उघडलं, मुलगी गेली. घडलं काहीच नाही. पण त्या रात्री मी कुलूप दुरुस्तीची माहिती शोधायला बसलो आणि वाचत वाचत भलतीकडेच पोहोचलो.

कुलपाचा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी अल-जझरीचं नाव घेतंच. खरंही आहे ते. इ.स. १२०६ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या यंत्रांच्या ग्रंथात पेटीला बसवायचं, अक्षरांच्या चार तबकड्या जुळवून उघडायचं कुलूप आहे. त्याच काळातल्या इस्फहानच्या मुहम्मद बिन हामिद या अस्तरलाब बनवणाऱ्या कारागिराच्या अशा कुलपाच्या पेट्या आजही संग्रहालयांत आहेत. अभिमान वाटावा असंच काम आहे. पण ती कुलपं पेटीची होती. पेटीत माणसं नसतात. 'आमच्याकडे हे आधीच होतं' म्हणून मोकळं होण्यात मला रस नाही, कारण अभ्यासिकेच्या दाराचा प्रश्न वेगळा आहे. आत माणसं असताना दार बंद कसं ठेवायचं आणि नेमक्या वेळी ते उघडेल याची हमी कुणी द्यायची? हा प्रश्न जगाला फार उशिरा आणि फार मोठी किंमत मोजून पडला.

१६ जून १८८३, शनिवार. इंग्लंडमधल्या संडरलंड शहरात व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी जादूचे आणि करमणुकीचे खेळ होते. वरच्या गॅलरीत हजाराहून जास्त मुलं होती, बहुतेक मोठ्या माणसांविना आलेली. खेळ संपताना जाहीर झालं की ठरावीक नंबरच्या तिकिटांना बक्षीस मिळेल. रंगमंचावरून खालच्या मुलांना भेटी वाटायला सुरुवात झाली. आपलं राहून जाईल या भीतीनं वरची मुलं जिन्यानं धावली. जिन्याच्या तळाशी दार होतं. ते आतल्या बाजूला उघडणारं होतं आणि खिट्टी लावून असं अडकवलेलं होतं की एका वेळी एकच मूल जाऊ शकेल. पुढची मुलं दाराशी अडकली, मागच्यांना ते कळलं नाही. १८३ मुलं गुदमरून गेली. तीन वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची. आग नव्हती, धूर नव्हता. फक्त एक खिट्टी होती आणि ती कुणी लावली याचा शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

या घटनेनंतर बाहेर जाण्याच्या वाटांबद्दल कायदे झाले. रॉबर्ट ब्रिग्ज नावाच्या माणसानं १८९२ मध्ये एका नव्या खिट्टीचं पेटंट घेतलं. बाहेरून बंद राहणारी, पण आतून अंगाचा भार पडला की सुटणारी खिट्टी. इंग्रजीत तिला पॅनिक बोल्ट म्हणतात. घाबरलेला माणूस किल्ली शोधत नाही, मूठ फिरवत नाही, तो फक्त पुढं रेटतो. ब्रिग्जची खिट्टी त्या रेटण्यावरच उघडायची.

पण शोध लागला म्हणून तो दारोदार पोहोचतो असं नाही. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वा थिएटरला आग लागली. थिएटर उघडून पाच-सहा आठवडेच झाले होते आणि 'संपूर्ण अग्निरोधक' अशी त्याची जाहिरात होती. सुट्टीचे दिवस, दुपारचा खेळ, बायका-मुलांची गर्दी. बाहेर जाण्याची काही दारं पडद्यांमागं दडलेली होती, काही कुलूपबंद होती, काहींना प्रेक्षकांनी कधी न पाहिलेल्या कड्या होत्या. स्वस्त तिकिटवाले महाग खुर्च्यांकडे उतरू नयेत म्हणून जिन्यात जाळीची फाटकं बंद केलेली होती. ६०२ माणसं गेली. इंडियानापोलिसमधला कार्ल प्रिन्झलर हा हार्डवेअरचा विक्रेता त्या दिवशी त्या खेळाला जाणार होता, कामामुळं राहिला. पुढं हेन्री ड्यूपाँट या अभियंत्याच्या मदतीनं त्यानं दारावर आडवा दांडा बसवायची युक्ती काढली. १९०८ पासून ती बाजारात आली. आज मॉलच्या आणि सिनेमागृहाच्या मागच्या दाराला जो आडवा दांडा आपण ढकलतो, तो त्याच वंशातला. ती विकणारी कंपनी व्हॉनेगट घराण्याची होती, पुढं ज्या घराण्यातून कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट आला.

तिसरी घटना मला सगळ्यात जवळची वाटते, कारण तिथं टाळं लावण्यामागचं कारण आमच्या कमिटीच्या कारणासारखंच आहे. २५ मार्च १९११, न्यूयॉर्क. ट्रँगल शर्टवेस्ट नावाचा कपड्यांचा कारखाना, इमारतीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर. काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली, ज्यू आणि इटालियन स्थलांतरितांच्या घरातल्या. सुटीच्या वेळी त्यांनी एकाच दारानं बाहेर पडायचं आणि पिशवी तपासून घ्यायची, अशी मालकांची शिस्त. म्हणून नवव्या मजल्यावरचं दुसऱ्या जिन्याचं दार कुलूपबंद असायचं. आग लागली तेव्हाही होतं. १४६ माणसं गेली, त्यातली कितीतरी खिडक्यांतून उड्या मारून. फ्रान्सिस पर्किन्स नावाची तरुण समाजसेविका रस्त्यावरून हे पाहत होती. पुढं ती अमेरिकेची कामगारमंत्री झाली. मालकांवर खटला चालला आणि ते सुटले. दार बंद होतं हे आपल्याला ठाऊक होतं, असं सिद्ध झालं नाही.

हे सगळं परक्यांचं आणि जुनं म्हणून बाजूला ठेवता येत नाही. दिल्लीच्या उपहार सिनेमात १३ जून १९९७ रोजी ५९ जण गुदमरून गेले, तेव्हा बाल्कनीतली एक वाट जादा खुर्च्या बसवून बुजवलेली होती. कराचीच्या बल्दिया टाउनमधल्या कपड्याच्या कारखान्यात ११ सप्टेंबर २०१२ रोजी अडीचशेहून जास्त कामगार जळाले. खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत साफ लिहिलंय की बाहेर पडण्याचं दार आतून किल्लीविना उघडलं पाहिजे. मामूंच्या टाळ्यानं हा नियम रोज संध्याकाळी मोडला जात होता.

चुंबकाची गोष्ट मात्र वेगळ्याच वाटेनं येते. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडला दिसलं की तारेतून वीज वाहिली की शेजारची होकायंत्राची सुई हलते. पाच वर्षांनी विल्यम स्टर्जन या इंग्रजानं नालेच्या आकाराच्या लोखंडाला उघड्या तांब्याच्या तारेचे अठरा वेढे दिले. हा माणूस आधी चांभारकामाचा उमेदवार, मग फौजेत शिपाई. त्याच्या जेमतेम दोनशे ग्रॅमच्या लोखंडानं चार किलो वजन उचललं. अमेरिकेत जोसेफ हेन्रीनं तारेला आवरण गुंडाळून शेकडो वेढे घातले आणि १८३१ मध्ये येल कॉलेजसाठी नऊशे किलोंहून जास्त वजन तोलणारा चुंबक बनवला. उचलण्याइतकंच महत्त्वाचं होतं ते सोडणं. मऊ लोखंडाला चुंबकपणा लक्षात राहत नाही. तार तोडली की वजन खाली.

हा गुण दाराच्या कामी यायला दीडशे वर्षं जावी लागली. मोठ्या इमारतींत आग अडवणारी जाड दारं असतात. रोजच्या वापरात ती उघडी ठेवायला भिंतीवर छोटे चुंबक बसवत. गजर झाला की वीज तुटायची, चुंबक सोडायचा आणि दार आपोआप मिटायचं. म्हणजे चुंबक होता, पण दार उघडं धरायला. १९६९ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रिऑल शहरात समनर सॅफर्स्टीन नावाच्या माणसानं हे उलटं केलं. तिथल्या मॉन्ट्रिऑल फोरम या आइस हॉकीच्या प्रसिद्ध स्टेडियमची दारं कुलूपबंद असतात याबद्दल अग्निशमन अधिकाऱ्यांनी चिंता व्यक्त केली होती. सॅफर्स्टीननं दार उघडं धरणारे ते चुंबक एकत्र रचून दार बंद धरायला लावले. आपल्या वर्कशॉपात करून पाहिलं आणि ते जमलं. पुढं त्यानं अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये कारखाना काढला आणि ही कुलपं जगभर गेली.

या कुलपाला जीभ नाही, खिट्टी नाही, किल्लीचं भोक नाही. वीज आहे तोवर ते धरतं, गेली की सोडतं. चोराच्या दृष्टीनं बघाल तर हा दोषच. मामूंनी मला पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "लाइट गयी तो खुल जाता, ये कैसा ताला?" तेव्हा मलाही उत्तर सुचलं नव्हतं. हे कुलूप जन्माला आलं तेच सोडण्यासाठी, धरणं हे त्याचं दुसरं काम.

आता आमचं कुलूप ढिलं का पडत होतं ते सांगतो. इतिहासाच्या लेखात हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण साखळी आली ती याच कारणानं.

या कुलपाचे दोन भाग. चौकटीच्या माथ्यावर चुंबकाचा डबा आणि दाराच्या पाल्यावर लोखंडी प्लेट. आपल्याकडे सर्रास मिळणारं मोठं कुलूप साधारण ५४५ किलोंचा ओढा सहन करतं, लहान २७० ते २८० किलोंचा. ही ताकद दोन सपाट पृष्ठभाग पूर्ण टेकले तरच मिळते. मध्ये कागदाच्या जाडीची फट राहिली किंवा प्लेट एका कडेवरच टेकली, तर ती झपाट्यानं घसरते. हवा ही चुंबकाची वैरीण.

दार काही रोज एकाच रेषेत मिटत नाही. पावसाळ्यात पाला फुगतो, बिजागऱ्या झिजतात, क्लोजर ढिला होतो. म्हणून बनवणाऱ्यांनी प्लेट मुद्दाम हलती ठेवलीय. ती मधल्या एकाच बोल्टवर बसते. तिच्या मागं दोन लोखंडी वायसरांच्या मध्ये एक रबरी वायसर असतो आणि प्लेट गरकन फिरू नये म्हणून दोन बाजूंना दोन पिना, त्याही आपल्या भोकांत सैलच. हातानं दाबली की प्लेट जराशी डुलली पाहिजे. दार मिटलं की ती आपणहून चुंबकाच्या तोंडाशी जुळते.

मामूंनी कसली ती हीच पट्टी. हलते म्हणजे ढिली, ढिली म्हणजे आवळा, असा आपला सगळ्यांचा हिशोब. फिटरनंही तेच केलं. मी त्याच्यावर रागावलो होतो, पण कुलपाच्या खोक्यातला कागद कोण वाचतो? रबर चेपून गेला, प्लेट ताठ झाली आणि कडेवर टेकायला लागली. पकड कमी झाल्यावर मुलं कार्ड न लावताच दार हिसकायला लागली. प्रत्येक हिसक्याचा आणि आपटण्याचा धक्का वरच्या डब्याला. आमची चौकट अल्युमिनियमची, पत्रा पातळ. त्यात नुसते स्क्रू मारलेले. पातळ पत्र्यात आटे किती टिकणार? आटे गेले, डबा लोंबला, फट वाढली, पकड आणखी गेली. एक ढिलेपणा हवा होता, तो आम्ही घालवला. त्यातून दुसरा आला, तो मात्र घातकी.

आणखी एक चूक डबा उतरवल्यावर दिसली. डब्याच्या मागच्या पट्टीत आधी लांबट भोकं असतात, डबा मागं-पुढं सरकवून जुळवायला. जुळला की शेजारच्या गोल भोकांत स्क्रू मारून तो कायमचा पक्का करायचा. आमच्याकडे गोल भोकं कोरीच होती. तीन वर्षं डबा जुळवणीच्या स्क्रूंवर तरंगत होता.

दुसरा फिटर आणला. वयानं लहान, पण हातानं सावकाश. त्यानं प्लेट सोडवली, चेपलेला रबर फेकला, नवा घातला, बोल्टच्या आट्यांना सुटू न देणारं द्रव्य लावलं आणि प्लेट डुलेल इतपतच आवळली. चौकटीत आतून रिव्हेट नट बसवून डबा बोल्टनं पक्का केला. गोल भोकांत स्क्रू मारले. चुंबकाच्या तोंडावर गंजाचा थर होता, तो फडक्यानं पुसला; कानस लावू दिली नाही, कारण पृष्ठभाग खरवडला की फट कायमची. क्लोजरचा स्क्रू फिरवून दाराचं आपटणं बंद केलं. कुलपापाशी मीटर लावून व्होल्टेज पाहिलं. ते ठीक होतं, नाहीतर लांबलचक बारीक वायरीतच ते गळतं. शेवटी कागदाची पट्टी प्लेट आणि चुंबकाच्या मध्ये धरून दार मिटलं आणि ती ओढून पाहिली. चारही कोपऱ्यांत घट्ट.

मग मी त्याला बॅटरीचं विचारलं. आमच्या कुलपाला बॅटरी जोडलेली आहे, त्यामुळं वीज गेली तरी दार बंदच राहतं. म्हणजे सॅफर्स्टीननं दिलेला गुण बॅटरीनं काढून घेतलेला. आतलं बटण होतं, पण ते कार्डाच्या यंत्रामार्फत चालायचं. यंत्र अडकलं की बटणही अडकलं. त्यानं कुलपाकडे जाणारी वायरच तुटेल असं बटण जोडलं आणि दाराशेजारी काच दाबायचं हिरवं डबडं बसवलं. ते दाबलं की बॅटरी असो नसो, चुंबक मेला. खर्च कुलपाच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी. तीन वर्षांपूर्वी हे का बसवलं नाही, याचं उत्तर कमिटीत कुणाकडेच नव्हतं, माझ्याकडेही नाही. वर्गणीचा हिशोब माझ्याच वहीत होता.

१९८९ मध्ये अमेरिकेत गेरिंजर कुटुंबातल्या तिघांनी याच कुलपाचा चौकटीत दडणारा नवा प्रकार काढला. तो दिसायला देखणा आहे. कमिटीतल्या एकाला तोच हवा होता. पण त्यात प्लेट जागेवरून उचलली जाऊन चुंबकाला चिकटते, त्यामुळं दाराची रेष जरा हलली की ती चिकटतच नाही. आमच्या पावसाळी पाल्याला तो परवडणारा नाही, असं मी सांगितलं आणि विषय तिथंच राहिला.

साखळीवर मात्र तासभर वाद झाला. एक बुजुर्ग म्हणाले, मुलींची जबाबदारी आहे, कुणी आत शिरलं तर? त्यांची काळजी खोटी नव्हती. मी त्यांना संडरलंडच्या जिन्याबद्दल सांगितलं, मग न्यूयॉर्कच्या नवव्या मजल्याबद्दल. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "त्या मुलींच्या पिशव्यांत काही सापडायचं का?" मला माहीत नव्हतं. शेवटी ठरलं की मामू बाहेर गेले की मोठ्या मुलांपैकी दोघांनी आळीपाळीनं दाराशी बसायचं आणि साखळी फक्त अभ्यासिका रिकामी झाल्यावर, रात्री, आतले दिवे स्वतः विझवून लावायची.

पहिल्या आठवड्यात मामूंनी मला पुन्हा हाक मारली. "भाईजान, पट्टी फिर हिलती है." मी त्यांचा हात धरून प्लेट दाबायला लावली, दार मिटलं, कार्ड न लावता ओढायला सांगितलं. दोन्ही हातांनी ओढूनही दार हललं नाही. मग हिरवं डबडं दाबलं आणि दार सुटलं. ते हसले, पण पाना त्यांनी खिशातून काढून दिला नाही, मलाच मागून घ्यावा लागला. आता तो माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा चौकटीच्या माथ्याचे बोल्ट बघायला जातो. प्लेटला हात लावायचा नाही, असं दारावर मराठीत आणि उर्दूत लिहून चिकटवलंय.